डेलिया डार्बीशर: ब्लेड आणि टेपवर रिमिक्स करणारी इंजिनिअर

फोनवरच्या जवळपास प्रत्येक म्युझिक ॲपमध्ये आज चार बटणं हमखास असतात: लूप, रिव्हर्स, स्पीड आणि पिच. रील्सवरचं स्लो केलेलं गाणं असो, झोपताना लावायचा ॲम्बियंट ट्रॅक असो किंवा लो-फाय बीट असो, आत काम याच चार गोष्टींचं चालतं. पण ही बटणं यायच्या आधी हीच कामं लोक हाताने करायचे, तीही कात्रीसारखं ब्लेड वापरून. त्यांच्यापैकी एकीची गोष्ट आज सांगतो. तिचं नाव डेलिया डार्बीशर. तिने तयार केलेला आवाज अर्ध्या जगाने ऐकला, पण टीव्हीच्या पडद्यावर त्या आवाजाखाली तिचं नाव यायला ५० वर्षं लागली, आणि तोवर ती जिवंत नव्हती.

सुरुवातीला तीन शब्द स्पष्ट करून घेऊ, म्हणजे पुढे अडायला होणार नाही.

ड्रोन म्हणजे इथे उडणारा कॅमेरा नाही. एकच सूर किंवा सुरांचा एक गुच्छ बराच वेळ न थांबता चालू राहतो, तो ड्रोन. गाण्याच्या मैफलीत मागे तानपुरा वाजत असतो ना, तोच प्रकार. ॲम्बियंट म्हणजे ठेका आणि चाल यांपेक्षा वातावरण तयार करणारं संगीत. आणि रिमिक्स म्हणजे आधीच रेकॉर्ड झालेला आवाज घेऊन, तो कापून, बदलून, पुन्हा जुळवून नवीन काहीतरी बनवणं. रिमिक्स म्हटलं की आपल्याला जुन्या हिंदी गाण्याला लावलेला ढोल आठवतो, पण रिमिक्स एका दिव्याच्या शेडचाही होऊ शकतो. तो कसा, ते पुढे येईलच.

भोंग्यांमध्ये गेलेलं बालपण

डेलियाचा जन्म ५ मे १९३७ चा, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातला. वडील पत्र्याचं काम करणारे कारागीर, घर साधं कामगाराचं. ती तीन वर्षांची असताना, १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री, जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर प्रचंड बॉम्बहल्ला केला आणि शहराचा मधला भाग जवळपास उद्ध्वस्त झाला. हल्ल्याचा भोंगा, मग धोका टळल्याचा भोंगा, हे तिच्या लहानपणीचे आवाज. आपली इलेक्ट्रॉनिक आवाजांची ओढ त्या भोंग्यांतून आली असावी, असं तिने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. विचार केला तर पटतं. भोंगा म्हणजे वर-खाली सरकणारा एक लांब सूर. त्यात शब्द नसतात, चाल नसते, तरी ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

सुरक्षिततेसाठी तिला प्रेस्टनला हलवलं. अभ्यासात ती हुशार निघाली आणि केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणितासाठी तिला शिष्यवृत्ती मिळाली. वर्षभराने ती संगीताकडे वळली. १९५९ मध्ये तिने पदवी घेतली ती गणित आणि संगीत अशा दोन्ही विषयांची. त्या काळी कामगाराच्या घरातल्या मुलीने केंब्रिजला पोहोचणं हीच मोठी गोष्ट होती.

नोकरीसाठी तिने डेक्का या मोठ्या रेकॉर्ड कंपनीत अर्ज केला. आम्ही रेकॉर्डिंग स्टुडिओत बायकांना घेत नाही, असं तिथे सांगण्यात आलं. मग ती जिनिव्हाला गेली. तिथे मुलांना पियानो आणि गणित शिकवलं, आणि काही काळ आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेत सहायक म्हणून काम केलं. ही तीच संघटना, जी आज आपल्या फोनच्या रेडिओ लहरींचं जागतिक नियोजन बघते.

रेकॉर्ड हातात धरून वेव्हफॉर्म वाचणारी मुलगी

१९६० मध्ये ती बीबीसीत शिकाऊ सहायक स्टुडिओ मॅनेजर म्हणून लागली. तिथे शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डचं परीक्षण करणारा एक कार्यक्रम होता. समीक्षक म्हणायचा, जिथे ट्रॉम्बोन सुरू होतात तो भाग लावा. डेलिया रेकॉर्ड उजेडात तिरकी धरायची, खाचांकडे बघायची आणि सुई बरोबर तिथे ठेवायची. लोकांना वाटायचं, हिला काहीतरी सिद्धी आहे.

यात जादू नव्हती. आवाज मोठा झाला की रेकॉर्डच्या खाचेची वळणं रुंदावतात आणि त्यावर उजेड वेगळा पडतो. आज एडिटिंग ॲपमध्ये आपण निळ्या रंगाची वेव्हफॉर्म बघून कुठे कापायचं ते ठरवतो, ती हेच नुसत्या डोळ्यांनी करत होती.

बीबीसीमध्ये एक विचित्र विभाग होता: रेडिओफोनिक वर्कशॉप. १९५८ मध्ये लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत तो सुरू झाला होता. रेडिओ नाटकांना आणि टीव्ही कार्यक्रमांना लागणारे अनोखे आवाज तयार करणं हे त्याचं काम. लोकांना तिथे नेमून पाठवलं जायचं. डेलियाने मात्र स्वतःहून तिथली बदली मागितली, तेव्हा वरिष्ठ बुचकळ्यात पडले. एप्रिल १९६२ मध्ये ती तिथे गेली आणि पुढची ११ वर्षं राहिली. त्या काळात तिने जवळपास २०० रेडिओ आणि टीव्ही कार्यक्रमांसाठी आवाज आणि संगीत तयार केलं.

सिंथेसायझर नसताना काम कसं चालायचं?

वर्कशॉपमध्ये तेव्हा सिंथेसायझर नव्हता. मल्टीट्रॅक रेकॉर्डरही नव्हता. होते ते टेप रेकॉर्डर, नॉईज जनरेटर आणि ऑसिलेटर. हे ऑसिलेटर मुळात उपकरणं तपासण्यासाठी बनवलेले होते, वाजवण्यासाठी नाही. बाकी सगळं ब्लेड, चिकटपट्टी आणि गणित.

आता त्या चार बटणांकडे परत येऊ.

लूप: टेपचा तुकडा कापायचा, त्याची दोन टोकं एकमेकांना चिकटवायची. बांगडीसारखी गोल झालेली टेप मशीनवर फिरत राहते आणि आवाज पुन्हा पुन्हा येतो.

रिव्हर्स: टेप उलट्या बाजूने चालवायची. घंटेचा आवाज उलटा केला की आधी गुंजन वाढत जातं आणि शेवटी ठोका येतो.

स्पीड आणि पिच: इथे खरी डोकेदुखी आहे. आज ॲपमध्ये ही दोन वेगळी बटणं आहेत, कारण सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे करून वेग आणि सूर वेगळे करू शकतं. टेपवर दोन्ही एकमेकांना बांधलेले असतात. टेप दुप्पट वेगाने चालवली की सूर एक सप्तक वर जातो, पण आवाजाची लांबी निम्मी होते. सूर फक्त एक स्वरांतर, म्हणजे पेटीवरची शेजारची पट्टी, वर न्यायचा असेल तर वेग १.०५९५ पट करायचा. दोन पट्ट्या वर म्हणजे १.०५९५ गुणिले १.०५९५. बारा वेळा गुणलं की जवळपास २ येतात, म्हणजे एक सप्तक.

असे गुणाकार शेकड्याने करायचे असल्यामुळे डेलिया लॉग टेबलचं पुस्तक जवळ ठेवायची. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ही लॉग टेबलं नक्की कशाला असतात असा प्रश्न मलाही पडायचा. संगीत बनवायला, हे उत्तर कुणी दिलं नव्हतं.

शिवाय लांबीचा हिशेब वेगळा. टेप सेकंदाला १५ इंच, म्हणजे साधारण ३८ सेंटिमीटर वेगाने धावते असं धरा. मिनिटाला १२० ठोक्यांचा ठेका असेल तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे १९ सेंटिमीटर टेप. कापताना ४ मिलिमीटर इकडेतिकडे झालं की सूर सेकंदाच्या शंभराव्या भागाने चुकला. म्हणजे आपण टाइमलाइनवर बोटाने झूम करतो, ते इथे पट्टीने मोजायचं. आणि अनडू नाही.

१९६३: एक कागद आणि एक ट्यून

१९६३ मध्ये बीबीसी मुलांसाठी काळात प्रवास करणाऱ्या एका माणसाची मालिका सुरू करणार होती: डॉक्टर हू. तिच्या शीर्षक संगीताची चाल रॉन ग्रेनर या ऑस्ट्रेलियन संगीतकाराने लिहिली. त्याने डेलियाला दिला तो एक कागद. त्यावर चाल होती, बेसची ओळ होती, आणि आवाज कसे हवेत याच्या ढग, वारा, बुडबुडे अशा सूचना होत्या. ढगाचा आवाज कसा काढायचा, हे कागदावर नव्हतं. ते डेलियाला आणि तिचा सहकारी डिक मिल्स याला ठरवायचं होतं.

बेससाठी एक तार छेडून तो एकच आवाज रेकॉर्ड केला. मग त्याचा वेग बदलून हवे ते सगळे सूर मिळवले आणि प्रत्येक सूर मोजून, कापून, चिकटवून ओळ तयार केली. वरची ती सरकत जाणारी, अंगावर काटा आणणारी चाल ऑसिलेटरची चकती हाताने फिरवून काढली. फुसफुस करणारे ढग म्हणजे गाळून घेतलेला व्हाइट नॉईज, टीव्हीला सिग्नल नसताना येतो तसा खरखराट.

असे थर वेगवेगळ्या टेपांवर तयार झाले. ते एकत्र करायला मल्टीट्रॅक नव्हता, म्हणून मशीनची बटणं एकाच वेळी दाबायची आणि जुळलं तर जुळलं. एकदा शेवटपर्यंत जाऊनही एक सूर चुकीच्या जागी पडत होता. चूक कुठल्या टेपमध्ये आहे ते कळेना. तेव्हा त्यांनी सगळ्या टेपा मेडा व्हेलच्या लांब कॉरिडॉरमध्ये शेजारी शेजारी उलगडल्या आणि जोड एकमेकांशी जुळतात का, हे चालत चालत तपासलं. एका जागी जोड जुळत नव्हता. तीच चूक. आम्ही कोडमधला बग शोधायला दोन फाइल शेजारी उघडतो, ती पद्धत हीच; फक्त इथे फाइल अनेक मीटर लांब होती आणि जमिनीवर पसरली होती.

२३ नोव्हेंबर १९६३ ला मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. डेलिया तेव्हा २६ वर्षांची होती.

नावाचा रकाना

ग्रेनरने तयार ट्यून ऐकली तेव्हा ही आपलीच चाल आहे का, असा प्रश्न त्याला पडला होता, असं सांगतात. एवढं मात्र नक्की, की डेलियाचं नाव सहसंगीतकार म्हणून लागावं यासाठी त्याने प्रयत्न केला. बीबीसीने ते होऊ दिलं नाही. वर्कशॉपच्या लोकांची नावं द्यायची नाहीत, श्रेय विभागाला, असं धोरण होतं.

ही नुसती खडूस साहेबांची गोष्ट नाही. रेकॉर्ड झालेल्या संगीतात हक्कांचे दोन मुख्य रकाने असतात. एक चालीचा: कागदावर जे सूर लिहिता येतात ते. दुसरा रेकॉर्डिंगचा: प्रत्यक्ष टेप किंवा फाइल. चाल ग्रेनरची होती. रेकॉर्डिंग नोकरीच्या वेळेत झालं, म्हणून ते बीबीसीचं. आणि डेलियाने काय केलं होतं? तिने आवाज बनवला होता. त्या आवाजासाठी तिसरा रकानाच नव्हता. आज कोडमध्ये कुठली ओळ कुणी लिहिली ते एका कमांडमध्ये दिसतं. १९६३ च्या त्या टेपला अशी सोय नव्हती, आणि ज्यांच्या हातात होतं त्यांना तिची गरज वाटली नाही.

पुढे बीबीसीबाहेरच्या कामातही तिचं नाव लपलं. तयार संगीताचा साठा विकणाऱ्या एका लायब्ररीसाठी तिने १९६९ च्या सुमारास टोपणनावाने ट्रॅक दिले, कारण ती बीबीसीची नोकर होती. ते ट्रॅक मग दुसऱ्या वाहिनीवरच्या मुलांच्या विज्ञानकथा मालिकांत वाजले. म्हणजे दोन्हीकडे आवाज तिचा, आणि नाव कुठेच नाही.

दिव्याच्या शेडचा रिमिक्स

डॉक्टर हू मुळे ती ओळखली जाते, पण ॲम्बियंट आणि ड्रोन आवडणाऱ्यांनी तिची दोन वेगळी कामं ऐकावीत.

पहिलं, द ड्रीम्स, १९६४. बॅरी बर्मंज या लेखकाबरोबर केलेला रेडिओ कार्यक्रम. साध्या लोकांनी आपली स्वप्नं सांगितलेली रेकॉर्डिंग्ज घेतली, वाक्यं कापली, फिरवली, पुन्हा पुन्हा आणली. पळणं, पडणं, जमीन, समुद्र, रंग असे पाच भाग. खाली डेलियाचे लांब, न हलणारे इलेक्ट्रॉनिक सूर. लोकांच्या बोलण्याचा तो रिमिक्स आहे, आणि रात्री हेडफोनवर ऐकलात तर सहज झोप लागणार नाही.

दुसरं, ब्लू व्हेल्स अँड गोल्डन सँड्स. सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांवरच्या माहितीपटासाठी केलेलं. वर्कशॉपमध्ये हिरव्या रंगाची पत्र्याची एक जुनी लॅम्पशेड होती. ठोकली की ती छान गुंजायची. डेलियाने तो आवाज रेकॉर्ड केला आणि सुरुवातीचा ठोका कापून टाकला. राहिलं ते फक्त गुंजन. ही युक्ती महत्त्वाची आहे, कारण आवाज कशाचा आहे हे आपला मेंदू मुख्यतः त्या पहिल्या क्षणावरून ओळखतो. तो काढला की पत्रा पत्रा राहत नाही.

मग तिने त्या गुंजनाचं पृथक्करण केलं: त्यात कुठकुठल्या फ्रिक्वेन्सी आहेत ते शोधलं. नंतर वर्कशॉपमधले १२ ऑसिलेटर त्या त्या फ्रिक्वेन्सीला लावून तोच आवाज पुन्हा उभा केला. आता तिला एकेक सूर हवा तेव्हा आत आणता येत होता, हवा तेव्हा बाहेर. आज फोनमधलं स्पेक्ट्रम ॲनालायझर ॲप हे पृथक्करण क्षणात करतं. त्याच तुकड्यात उंटांच्या पावलांसाठी तिने स्वतःचाच आवाज कापून वापरला. ऐकताना वाळवंट दिसतं, आणि ते एक लॅम्पशेड आणि एका बाईचा गळा यांतून आलेलं आहे.

सोडून जाणं

बाहेरही तिने बरेच उद्योग केले. १९६६ मध्ये ब्रायन हॉजसन आणि पीटर झिनोव्हिएफ यांच्याबरोबर युनिट डेल्टा प्लस हा गट काढला. डेव्हिड व्होरहाउस आणि हॉजसनबरोबर व्हाइट नॉईज या नावाने केलेला ॲन इलेक्ट्रिक स्टॉर्म हा अल्बम १९६९ मध्ये आला. तेव्हा फारसा चालला नाही. आज तो इलेक्ट्रॉनिक संगीतातला मैलाचा दगड मानतात.

तोवर सिंथेसायझर आले होते. की दाबली की आवाज तयार. काम झटपट व्हायला लागलं आणि मागणीही झटपट कामाची होऊ लागली. डेलियाला ते रुचलं नाही. १९७३ मध्ये तिने बीबीसी सोडली आणि दोनेक वर्षांत संगीताचा व्यवसायही. पुढे तिने गॅसची पाइपलाइन टाकणाऱ्या प्रकल्पावर रेडिओ ऑपरेटर म्हणून काम केलं, एका आर्ट गॅलरीत काम केलं. दारूचं व्यसनही तिच्या आयुष्यात होतं. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टन गावात ती शांतपणे राहिली.

इकडे तिची ट्यून मात्र थांबली नाही. १९८८ मध्ये द टाइमलॉर्ड्स या नावाने दोघांनी तिच्यावर बेतलेलं गाणं केलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. १९९० च्या दशकात टेक्नो आणि ॲम्बियंट करणारी नवी पिढी तिला शोधत आली. पीटर केंबर या संगीतकाराबरोबर तिने पुन्हा कामही सुरू केलं. ते रुळावर येत असतानाच, ३ जुलै २००१ ला, ती गेली. वय ६४.

माळ्यावरच्या २६७ टेपा

तिच्या मृत्यूनंतर घराच्या माळ्यावर सीरियलच्या खोक्यांत भरलेल्या २६७ टेपा सापडल्या. वर्कशॉपचे अभिलेख सांभाळणाऱ्या मार्क एअर्स यांच्याकडे त्या गेल्या आणि २००७ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाकडे आल्या. तिथे त्यांचं डिजिटायझेशन झालं. त्यात १९६० च्या दशकाच्या शेवटचा एक छोटा तुकडा निघाला, जो ऐकून आजचा डान्स ट्रॅक वाटावा. तो तसाच खोक्यात पडून होता.

मग उलटी गंगा वाहू लागली: जिने आवाजांचे रिमिक्स केले, तिच्या टेपांवर इतरांनी काम सुरू केलं. कोझी फॅनी टुटी या कलाकाराने तिच्या टेपा आणि नोंदी अभ्यासून तिच्यावरच्या एका चित्रपटाचं संगीत केलं. २००५ मध्ये डॉक्टर हू नव्याने सुरू झाली तेव्हा मरे गोल्ड यांच्या शीर्षक संगीतातही तिच्या मूळ आवाजाचे सॅम्पल होते. आणि २०१३ मध्ये, मालिकेच्या ५० व्या वर्षाच्या खास भागात, तिचं नाव पहिल्यांदा पडद्यावर आलं. २०१७ मध्ये कॉव्हेंट्री विद्यापीठाने तिला मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली.

तुम्ही फोनवर काय करू शकता?

तिची पद्धत घरी करून बघायला अर्धा तास पुरतो.

१. स्टीलचं पातेलं किंवा वाटी टांगून चमच्याने ठोका आणि फोनवर रेकॉर्ड करा. गुंजन पूर्ण विरेपर्यंत थांबा.

२. कुठल्याही मोफत ऑडिओ एडिटरमध्ये सुरुवातीचा ठोका कापा.

३. वेग निम्मा करा, मग पाव करा. सूर खाली जाईल, लांबी वाढेल.

४. तीन-चार वेगवेगळ्या वेगांचे थर एकमेकांवर ठेवा, एखादा उलटा करा आणि लूप लावा. तुमचा ड्रोन तयार.

५. दुसऱ्याचा आवाज वापरून अपलोड करणार असाल तर आधी परवानगी बघा. डॉक्टर हू ची ट्यून जुनी असली तरी फुकट वापरायला मोकळी नाही. ग्रेनरचं निधन १९८१ मध्ये झालं आणि ब्रिटनमध्ये चालीचा कॉपीराइट मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो.

६. परवानगी मिळाली तरी काम तिथे संपत नाही. फाइलच्या माहितीत आणि पोस्टच्या वर्णनात तीन नावं वेगळी लिहा: चाल कुणाची, रेकॉर्डिंग कुणाचं, आवाज कुणी घडवला. मित्राने फक्त पातेलं वाजवलं असेल, तरी त्याचं नाव लिहा. टाइप करायला दहा सेकंद लागतात. डेलियाच्या वेळी तो रकाना नव्हता. आपल्या फोनवर आहे, आणि बहुतेक जण तो रिकामा सोडतात.